सल्ला: ॲप उघडतच नाहीत, मग चॅट टाकू का?

अंबड तालुक्यातून एका पोराचं पत्र आलंय. थोडं कापून देतो:

"दादा नमस्कार. पुण्यात ॲन्ड्रॉइडचं काम करत होतो, आता गावाकडंच असतो. मित्रासोबत मोसंबीवाल्यांसाठी ॲप केलंय. भाव, हवामान, फवारणीचं वेळापत्रक असं सगळं आहे. व्हॉट्सॲपवर लिंक फिरली, डाउनलोड बरे आले, पण आठवडा झाला की कोणी उघडतच नाही. मित्र म्हणतो कम्युनिटी टाकू, म्हणजे फीड, ग्रुप चॅट, पॉइंट, लीडरबोर्ड. अन् सुरुवातीला कोणी लिहिणार नाही म्हणून वीस-पंचवीस खोटी खाती काढून आपणच प्रश्न टाकायचे आपणच उत्तरं द्यायची, रेडिट नावाच्या चर्चेच्या साइटवाल्यांनी पण असंच केलतं म्हणे. मला पटत नाही पण त्याला उत्तर काय द्यावं तेबी सुचत नाही. आधी काय करू? अन् आयफोनवर काढावं का?"

भावा, लिंकवरून ॲप घेऊन बघितलं. चांगलं चालतंय, अडकत नाही, मराठी नीट आहे, नाहीतर शेतीच्या अर्ध्या ॲपमधलं मराठी वाचून बैलपण हसेल. म्हणजे रोग ॲपमध्ये नाही. तू माणसाला परत यायचं कारणच दिलेलं नाहीस. भाव त्याला सकाळीच व्हॉट्सॲपवर कळतो, हवामान फोनच्या पडद्यावरच दिसतं, अन् फवारणीचं वेळापत्रक एकदा स्क्रीनशॉट काढला की वर्षभराचं काम झालं. मग तुझं ॲप कामून उघडायचं?

तू आकडे पाठवलेत ना, सातव्या दिवशी किती परत आले, तिसाव्या दिवशी किती, ते बघून तुझी झोप उडालीय. ते मोजमाप गेमवाल्यांचं अन् रोज वापरायच्या ॲपचं आहे, ते मोसंबीला लावू नको. मोसंबीवाल्याचं वर्ष बहारावर, म्हणजे फूल धरायच्या हंगामावर, चालतं हे तुला मी काय सांगावं. आंबे बहाराची बाग असली तर डिसेंबरात ताण, म्हणजे बागेचं पाणी तोडायचं, जानेवारीत पाणी सोडून फूल, मग उन्हाळाभर पाण्याची मारामार, पावसाळ्यात गळ, म्हणजे कच्ची फळं झडणं, अन् दसरा-दिवाळीच्या मागंपुढं तोडा. गळ सुरू झाली की तोच माणूस दिवसातून चारदा फोन बघणार अन् ताणाच्या महिन्यात एकदाही नाही. डुओलिंगो या भाषा शिकायच्या ॲपची ती रोजची साखळी, स्ट्रीक म्हणतेत ती, चालते कारण भाषा रोज घोकायची गोष्ट आहे. आपल्याकडं गड्यानं बाग ताणावर सोडलेली असती, करायला कायच नसतंय, अन् वरून तुझं नोटिफिकेशन येणार की तुमची स्ट्रीक तुटली! तो ॲपच काढून टाकील, अन् बरोबर करील. तू मोज हंगामानं. मागच्या गळीत आलेला माणूस यंदाच्या गळीत आला का? प्रश्न विचारलेला माणूस उत्तर वाचायला आला का? हे दोन आकडे भिंतीवर लाव, बाकीचे झाकून ठेव.

आता चॅट. नको. स्पष्टच सांगतो. चॅटमध्ये तुझी लढाई व्हॉट्सॲपशी आहे अन् ती तू हरलेलाच आहेस, तिथं त्याचा मेव्हणा आहे, सासरा आहे, आडत्या आहे, ते सोडून तो तुझ्याकडं गप्पा मारायला येणार नाही. पण व्हॉट्सॲपला जे जमत नाही ते बघ. ग्रुपात आता हजार चोवीस माणसं बसतेत, कोणी सकाळी गळक्या फळाचा फोटो टाकला की दुपारपर्यंत त्याच्यावर दोनशे शुभ सकाळ, तीन वाढदिवस अन् एक राजकारणाचं भांडण पडलेलं असतंय. उत्तर आलं तरी सापडत नाही, अन् पुढच्या वर्षी तोच प्रश्न तोच माणूस पुन्हा विचारतो. मागच्या भादव्यात कोणी काय केलं अन् त्याचं काय झालं, हे शोधून देणारं ठिकाण आज मोसंबीवाल्याकडं नाही. ते तू हो.

म्हणजे फीड नको, चॅट नको, एकच गोष्ट कर, प्रश्न. अन् प्रश्न विचारायची रीत अशी बनव की उत्तर देणाऱ्याला उलट दहा प्रश्न विचारावे लागू नयेत. गळीचंच उदाहरण घे. ग्रुपात लोक काय टाकतेत? झाडाखाली पडलेल्या फळांचा लांबून काढलेला एक फोटो अन् खाली "काय मारू?" आता त्या फोटोवरून कोण काय सांगणार! तुझ्या ॲपनं तीन फोटो मागायचे. एक अख्खं झाड बुंध्यासकट, म्हणजे खाली पाणी साचलंय का ते दिसतं. दुसरा देठाचा जवळून. तिसरा खाली पडलेलं फळ हातात धरून. फळाला बारीक भोक अन् भोकाभोवती सडलेलं दिसलं तर रात्री येणारा रसशोषक पतंग असायची शक्यता, देठाकडून पिवळं पडून गळायलंय तर विचार दुसरीकडं जातो, बुरशी, साचलेलं पाणी, अन्न कमी पडणं. हा फरक जाणत्या माणसाला फोटोत दोन सेकंदात दिसतो. सोबत चार गोष्टी निवडायला ठेव, झाडाचं वय, कलम बांधलेला खुंट जंबेरी का रंगपूर, बहार कोणता, तालुका कोणता. टाइप करायला लावू नको, बोट लावायचं काम ठेव. अन् मग बोलायचं बटण. आपल्याकडचे साठीतले बागायतदार टाइप करत नाहीत पण बोलायला लागले की थांबत नाहीत, त्यांचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं म्हणजे खजिना आहे.

फोटो टाकून विचारायची ही गोष्ट नवी नाही बरं का. प्लँटिक्स नावाचं जर्मन कंपनीचं ॲप आहे, त्यात पिकाच्या रोगाचा फोटो टाकला की ओळखून देतंय अन् शेतकरी एकमेकांना विचारतेत सुद्धा, आपल्या भागात बऱ्याच फोनमध्ये सापडल. तू म्हणशील मग माझं काय काम. अरे ते सगळ्या पिकांचं आहे, तुझं एकाच फळाचं अन् पाच-सहा तालुक्यांचं. "माझ्याच मातीतला, माझ्याच पावसातला माणूस सांगायलाय" याला जी किंमत आहे ती जगातल्या कुठल्या मशीनला नाही. घनसावंगीतल्या माणसाला अंबडातल्या माणसाचं पटतं, लांबचं कोणी सांगितलं तर आधी विचारतो, तिकडं पाणी किती?

एक छोटं बटण मात्र नक्की टाक. प्रश्नाखाली "माझ्याकडंबी हेच". बस. त्याचं असंय की जाकोब निल्सन नावाच्या माणसानं २००६ मध्ये लिहून ठेवलंय की ऑनलाइन जमलेल्या शंभरातले नव्वद नुसते वाचतेत, नऊ अधूनमधून बोलतेत अन् एकच जण सारखा लिहितो. हा काय काट्यावर मोजलेला नियम नाही पण अंदाज घ्यायला बरा आहे. म्हणून कोणी लिहीत नाही म्हणून रडू नको, वाचणारे पण तुझेच आहेत. त्या गप्प माणसाला लिहायची लाज वाटते, पण बोट लावायची वाटत नाही. अन् सगळ्यांनी बोट लावलं की तुझ्याकडं काय तयार होतंय बघ, कोणत्या तालुक्यात गळ कधी सुरू झाली याचा नकाशा. कुठल्या भागात कोळी कीड आलीय हे शेजारच्या तालुक्यातल्या माणसाला त्याच्या बागेत यायच्या आधी कळलं, तर तो तुझं ॲप उघडणार का नाही? फक्त गावाचं नाव अन् आकडा दाखव, कोणाची बाग ते दाखवू नको. बागेत रोग आहे हे व्यापाऱ्याला कळलं तर सौद्यात भाव पाडतो, हे तुला माहीतच आहे.

आता तुझ्या मित्राचा मुद्दा. रेडिटचं तो खोटं बोलत नाही, २००५ मध्ये सुरुवातीला ते काढणाऱ्या दोघांनी स्वतःच वेगवेगळ्या नावांनी पोस्टी टाकल्या होत्या, नंतर त्यांनीच सांगितलंय. पण ते टाकत होते लिंका. हे वाचा, ते वाचा. वाचून कोणाची बाग जळत नव्हती. तुम्ही टाकणार काय? "मी अमुक औषध मारलं, गळ थांबली." मारणारा कोण, तर तू अन् तुझा मित्र, खोलीत बसून. ते वाचून कोणी पंपात ओतलं तर? २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं गेली, शेतकरी गेले, मजूर गेले. औषधाच्या बाबतीत खोटं नाव लावून सल्ला द्यायचा म्हणजे चेष्टा नाही, हे त्याला माझ्या नावानं सांग.

अन् दुसरं, आपल्याकडं खोटा माणूस टिकतच नाही. पहिला प्रश्न काय असतो? गाव कोणतं? कोणाचे तुम्ही? पाचोडच्या मार्केटला दोन माणसं भेटली की तुझा नकली बागायतदार संध्याकाळपर्यंत उघडा पडतो, अन् मग खऱ्या माणसांनी लिहिलेलं पण लोक खोटंच धरतेत.

पण मित्राची भीती खरी आहे, ती उडवून लावू नको. रिकामं ॲप म्हणजे पंगत बसवली अन् वाढपीच नाही, लोक उठून जाणारच. त्याला इलाज खोटी माणसं नाही, खरी माणसं आधी गोळा करणं आहे. कसं करायचं सांगतो. ज्या व्हॉट्सॲप ग्रुपात तू आहेस तिथं मागच्या हंगामात विचारलेले प्रश्न काढ, ज्यानं विचारलं त्याला फोन कर, "तुमचा प्रश्न ॲपात टाकू का, नाव टाकू का नको" हे विचार, अन् मग पुढं काय झालं तेबी विचार. प्रश्न, उत्तर अन् निकाल तिन्ही असलेल्या अशा पन्नास गोष्टी जमल्या की तुझं ॲप रिकामं राहिलं नाही, अन् एकही ओळ खोटी नाही. कंटाळवाणं काम आहे, कोड लिहायला याच्यापेक्षा मजा येती हे मान्य. तरी कर.

मग उत्तर देणारे. दहा-बारा माणसं पुरेत, पण कोण हे महत्त्वाचं. २०१२-१३ चा दुष्काळ आठवतो ना, जालन्यात बागाच्या बागा वाळल्या, लोकांनी झाडं तोडून सरपण केलं. त्या साली टँकरनं पाणी घालून म्हणा, आच्छादन करून म्हणा, छाटणी करून म्हणा, ज्यांनी बाग वाचवली ती माणसं प्रत्येक गावात एक-दोन आहेत अन् गाव त्यांना ओळखतं. त्यांच्याकडं जा. घरी जाऊन, चहा पिऊन, त्यांच्या फोनमध्ये ॲप तूच टाकून दे, अन् सांग की दिवसातून दोनच प्रश्न येतील, बोलून उत्तर द्या. त्यांना पॉइंट नको असतेत. उत्तराच्या वर त्यांचं नाव, गाव अन् किती झाडं आहेत एवढं दिसू दे, मान मिळाला की माणूस रात्री अकराला पण उत्तर देतो. सोबत बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे, परभणीच्या विद्यापीठाचं, तिथं जाऊन रीतसर विनंती कर की आठवड्यातून एकदा अडलेल्या प्रश्नांवर कोणी बोलेल का. हो म्हणतील का नाही ते त्यांच्यावर, पण न विचारता त्यांचं नाव-फोटो ॲपात चिकटवू नको, हे लै जण करतेत. औषधाचं नाव अन् मात्रा असलेलं उत्तर मात्र आधी जाणत्या माणसानं बघितल्याशिवाय पुढं सोडायचं नाही, दोन तास उशीर झाला तरी चालल.

उशिराचं निघालं म्हणून सांगतो, सगळ्यात जास्त जीव कशात घालायचा असेल तर पहिलं उत्तर किती वेळात येतंय याच्यात घाल. ज्याच्या पहिल्या प्रश्नाला त्याच दिवशी उत्तर आलं तो तुझा झाला. ज्याचा प्रश्न तीन दिवस तसाच लोंबकळला तो परत कधीच विचारणार नाही, अन् चार जणांना सांगणार पण. उत्तर नसेल येत तर तू स्वतः खाली लिही, "तुमचा प्रश्न अमुक काकांना पाठवलाय, संध्याकाळी बोलतील", तुझ्या खऱ्या नावानं. याच कारणानं एकदम आठ जिल्ह्यांत पसरू नको. आधी अंबड-घनसावंगी, तिथं उत्तरं वेळेवर यायला लागली की मग पैठणकडं.

नोटिफिकेशनचं तू लिहिलंस की अर्धे लोक परवानगीच देत नाहीत. कसे देतील? ॲन्ड्रॉइड १३ पासून विचारावंच लागतंय अन् तू ॲप उघडल्या उघडल्या विचारतोस, तेव्हा माणसाला काय माहीत तू काय पाठवणार. ते तिथून काढ. त्यानं प्रश्न टाकला की लगेच खाली विचार, "उत्तर आलं की कळवू का?" तिथं नाही म्हणणारा माणूस मला दाखव. अन् नोटिफिकेशनमध्ये उत्तर आलंय असं लिहू नको, उत्तराची पहिली ओळच दाखव, कोणी दिलं त्याच्या नाव-गावासकट. "तुमची आठवण येतेय" असलं काही पाठवलंस तर मी स्वतः तुझं ॲप काढून टाकीन.

अन् दहा-पंधरा दिवसांनी विचारणाऱ्याला एकच प्रश्न पाठव: गळ थांबली का? हो, नाही, कमी झाली. माणूस परत आणायची याच्याइतकी साधी गोष्ट दुसरी नाही, कारण कोणीतरी आपली बाग लक्षात ठेवलीय हे त्याला कळतं, अन् तुझ्याकडं कोणाचं उत्तर लागू पडतं याची खरी नोंद होते. पॉइंट अन् लीडरबोर्डनं ही नोंद बिघडते. पॉइंट दिले की लोक पॉइंटासाठी लिहितेत, "छान माहिती", "धन्यवाद सर", अन् वर चढून बसतो तो ज्याच्याकडं बाग कमी अन् वेळ जास्त. पुढं कधी काही द्यायचंच असलं तर "यांच्या उत्तरानं इतक्या बागांना फरक पडला" एवढंच दाखव.

भावाचं पान पण असंच बदलता येईल. बाजार समितीचा आकडा सगळीकडं सारखाच मिळतो. पण हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन हातात काय पडलं हे कोणीच सांगत नाही. लोकांना पट्टीचा, म्हणजे आडत्यानं दिलेल्या हिशेबाच्या कागदाचा, फोटो टाकू दे, नाव अन् नंबर झाकून. तोड्याच्या दिवसांत हे एक पान चालल असं मला वाटतं. मात्र "उद्या भाव पडणार, आजच बाग द्या" असल्या पोस्टी येणार, कोण पाठवतंय ते तूच ओळख. पट्टीशिवाय भाव नाही असा नियम पहिल्या दिवसापासून ठेव.

राखणीचं थोडक्यात, पण टाळू नको. लोकांनी लिहिलेलं दाखवणाऱ्या ॲपात तक्रार करायची अन् एखाद्याला ब्लॉक करायची सोय पायजेच, प्ले स्टोअरचा नियमच आहे, नसली तर ॲप खाली उतरवतेत. आपल्याकडच्या २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणं तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव अन् संपर्क द्यावा लागतो अन् तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागती, तो अधिकारी तूच होशील, हरकत नाही. फोन नंबर कोणाचाच दिसू देऊ नको. नाहीतर दलालांचे फोन सुरू होतेत अन् बायाबापड्या तर एका दिवसात निघून जातेत, बागेचं अर्धं काम त्याच बघतेत हे विसरू नको, त्यांना खासगी मेसेज कोणी पाठवू शकणार नाही असंच ठेव. कृषी केंद्रवाल्यांना हाकलू नको, त्यांना माहिती असती, पण त्यांच्या नावापुढं "दुकानदार" असं ठळक दिसलं पायजे, व्यापाऱ्यापुढं "व्यापारी". लपून सल्ला द्यायला लागला की बंद. औषध कंपन्यांच्या जाहिराती येतीलच, पैशाची गरज पण असणार, तरी प्रश्नाच्या पानावर एकही घेऊ नको, भावाच्या पानावर काय लावायची ती लाव.

अजून एक, शेतात रेंज नसती. प्रश्न ऑफलाइन लिहून ठेवता आला पायजे, रेंजमध्ये आलं की आपोआप जावा. फोटो बारीक करून पाठव, लोकांचे फोन आधीच भरलेले असतेत.

मित्राशी भांडू नको. त्याला गळीच्या आधी, आषाढापर्यंत, हे प्रश्नाचं पान करायला लाव, हाताला काम असलं की खोट्या खात्यांचं डोक्यातून जाईल. तू तोवर गावं फिर.

आयफोनचं विचारलंस. आत्ता नको. पाचोडच्या मोसंबी मार्केटात एक सकाळ उभा राहून लोकांच्या हातातले फोन बघ, मग कळव.